ऐंशी की साडेचार

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे 'नमुना' म्हणतात. तोंडावर 'नमुनेराव', पाठ वळली की नुसतंच 'नमुना'. बल्बच्या कारखान्यात तो क्वालिटी खात्यात आहे. हजार बल्बांचा लॉट आला की त्यातून पन्नास काढायचे, लावून, हलवून, ठोकून बघायचे. दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, तिसरा निघाला की अख्खा लॉट परत. नमुने काढणारा म्हणून नमुना, असं तो लोकांना समजावतो. पण तेवढंच कारण असतं तर त्याच्या खात्यातल्या बाकीच्या चौघांनाही तेच नाव पडलं असतं. त्यांना कुणी तसं म्हणत नाही. तेव्हा काय ते समजा.

लग्नानंतर तीन दिवस मी त्याला 'अहो' म्हणत होते. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या माहेरून आलेले बारा कप एकेक करून टिचकी मारून कानाशी धरले, दोन बाजूला काढले आणि म्हणाला, "हे तडकणार." मला असा काही संताप आला की 'अहो'चं 'अरे' झालं, ते आजतागायत. कप तडकले, दोन्ही, पण तो भाग वेगळा. भाजीवाली त्याला लांबून बघूनच करंडीवर फडकं टाकते. मला मात्र त्यानं एकदाच पाहिलं आणि होकार कळवला. "पन्नास बघितल्याशिवाय लॉट पास कसा केलास?" असं मी त्याला वर्षातून एकदा तरी विचारतेच. तो म्हणतो, "तो लॉट नव्हता." आता याला कौतुक म्हणायचं की काय, हे मला कधी कळलेलं नाही.

तर माझा उजवा कान. गेली चार वर्षं तो हळूहळू मागे पडत चालला होता. मी बस डेपोच्या चौकशी खिडकीवर बसते. काचेला गोल भोकं पाडलेली आहेत, त्यातून लोक विचारतात, नेहमी घाईत आणि नेहमी दुसरीकडे बघत. मी डावा कान भोकांशी नेला की माझं तोंड भिंतीकडे व्हायचं, आणि लोकांना वाटायचं, बाई तोंड फिरवून बोलते, काय हा माज! दोन लेखी तक्रारी गेल्या. डेपोच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, माज नाही, कान आहे." कानात घालायचं यंत्रही लावून बघितलं. खिडकीत बसल्याबसल्या प्रत्येक बसचा हॉर्न डोक्यात खिळ्यासारखा घुसायचा. दोन आठवड्यांत यंत्र डबीत गेलं.

कानाची डॉक्टर पोरसवदाच होती, पण बोलायला स्वच्छ. ती म्हणाली, "कानातलं एक इवलंसं हाड घट्ट बसलंय. ते काढून त्या जागी बारीक दांडी बसवता येते. शंभरातल्या ऐंशी जणांना छान ऐकू यायला लागतं. सोळा-सतरा जणांना काहीच फरक पडत नाही. तीन-चार जणांचं मात्र, आहे तेही जातं." मग दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "केलंच पाहिजे असं नाही. तुम्ही ठरवा. दोन आठवड्यांनी, सोमवारी फॉर्म आणून द्या. नाहीतर पुढची तारीख चार महिन्यांनी मिळेल."

जिना उतरताना मी त्याला म्हटलं, "तूच ठरव. पास-नापास करायचा तुझा धंदाच आहे."

हे मी अर्धं चेष्टेत म्हटलं. उरलेलं अर्धं भीतीनं म्हटलं. बावीस वर्षं मी जगाला सांगत आलेय की कुठली बस कुठं जाते, आणि स्वतःवर वेळ आली तर मला पायरी दिसेना. तो कठड्यावर हात ठेवून थांबला.

"लॉट केवढा?" त्यानं विचारलं.

"कसला लॉट? मी एकटीच आहे."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला.

त्यानं आजवर लाखांनी बल्ब पास केले असतील. त्यातला एखादा कुणाच्या घरी पहिल्या दिवशीच गेला असेल, त्या माणसानं शिव्याही घातल्या असतील, पण त्यातलं काही त्याच्या कानावर आलं नाही. हजारात ऐंशी टक्के म्हणजे काय, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एकात ऐंशी टक्के म्हणजे काय, याच्यावर मात्र त्याची गाडी रुतली. जेवताना घास हातात धरून म्हणायचा, "एक बल्ब एकतर लागतो, नाहीतर लागत नाही. ऐंशी टक्के लागत नाही."

"मग?"

"मग कळत नाही."

तो असा गोंधळलेला मी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत होता. गोंधळायचा हक्क माझा होता. तो हक्क मी त्याच्या गळ्यात घालून मोकळी झाले होते, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

पॅकिंग खात्यात एक मावशी आहेत. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणतो. निवृत्तीला वर्ष राहिलंय, हातात सदानकदा विणकाम, आणि कामगारांच्या क्लबात दरवर्षी जी पोकरची स्पर्धा होते ती त्यांनी तीनदा मारली आहे. डबा खाताना माझ्या नवऱ्यानं त्यांना विचारलं, "मावशी, ऐंशी टक्के म्हणजे कसं वाटतं?"

असला प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर त्यानं डबा उचलून जागा बदलली असती. मावशी म्हणाल्या, "थोरली जोडी धाकट्या जोडीसमोर आली की शंभरात ऐंशी वेळा थोरली जिंकते. या रविवारी येऊन बसा, नमुनेराव. कसं वाटतं ते कळेल."

ज्या माणसानं जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, त्यानं त्या दिवशी स्पर्धेत नाव दिलं. माझ्यापाशी कारण सांगितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, घटकाभर डोक्यातला भुंगा तरी जाईल. रविवारी मीही बरोबर गेले. दुसऱ्याच दिवशी सोमवार होता आणि फॉर्म घरात कपाटावर तसाच कोरा पडला होता. घरात एकटीनं त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा पत्ते बरे.

क्लबच्या हॉलमधली टेबल-टेनिसची टेबलं भिंतीला लावून तिथं चार टेबलं मांडली होती, हिरवं कापड पिनांनी ताणून. पत्ते उडू नयेत म्हणून पंखे बंद. बत्तीस माणसं घामाघूम होऊन बसलेली. खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मग टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा. ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच यांत ज्याचं सगळ्यांत भारी जुळेल तो जिंकला. पैसे लावायचे नाहीत हा क्लबचा नियम. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या, मिळतात, त्या संपल्या की उठायचं. पहिल्या नंबराला भिंतीवरचं घड्याळ.

मी त्याच्या मागेच खुर्ची टाकून बसले. सकाळी दहा ते दुपारी दोन त्यानं एकच काम केलं. दोन पत्ते उचलायचे, कोपरे वर करून बघायचे, आणि टाकून द्यायचे. बाकीचे हसत होते, चिडत होते, खोटे खोटे उसासे टाकत होते, एकमेकांना बनवत होते. हा आपला लॉटमागून लॉट नापास करत होता. दर फेरीला थोड्या चिप्स आपोआप द्याव्या लागतात, त्यामुळे त्याची चवड हळूहळू खाली येत होती. पण न खेळणाराही टिकतो, हे मला त्या दिवशी कळलं. सत्तावीस जण आपापल्या शहाणपणानं बाहेर गेले आणि हा न खेळता शेवटच्या पाचांत येऊन बसला.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, "अरे, खेळत का नाहीस?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

त्यानं पाण्याचा ग्लास संपवला आणि पुन्हा जाऊन बसला.

तीनच्या सुमाराला तो डाव आला. त्यानं कोपरे वर केले आणि मला मागून दिसलं, इस्पिक राजा आणि चौकट राजा. त्याची मान ताठ झाली. समोर मावशी बसल्या होत्या, पुढे चिप्सचा ढीग, मांडीवर लोकरीचा गुंडा. त्यांनी त्या ढिगातला मोठा वाटा पुढे सरकवला. "घ्या नमुनेराव. तुमच्या आहेत तेवढ्या सगळ्या मागते. बघा, देताय का."

म्हणजे याला आता उरलेलं सगळं पुढे ढकलायचं होतं, नाहीतर पत्ते टाकायचे होते. दोन राजे हातात असताना कुणीही शहाणा माणूस विचार करत बसत नाही, हे मला नंतर कळलं. हा विचार करत बसला. एक मिनिट. दोन मिनिटं. पत्ते वाटायला हिशेब खात्यातला क्लार्क होता, तो म्हणाला, "साहेब, आज की उद्या?"

"मावशी," माझा नवरा म्हणाला, "तुमच्याकडे जोडीच आहे ना?"

सगळं टेबल हसलं. मावशीसुद्धा हसल्या. "आता हेही मीच सांगू? मग तुम्ही काय फक्त चहा प्यायला आलात?"

त्यानं दोन्ही हातांनी चिप्स पुढे लोटल्या. सगळं लागलं की पत्ते उघडे करायचे असतात. यानं राजे ठेवले. मावशींनी दोन अठ्ठ्या ठेवल्या, बदाम आणि किलवर.

"ऐंशी," तो म्हणाला. आणि मागे वळून त्यानं माझ्याकडे बघितलं.

तो आकडा त्या दोन आठवड्यांत आमच्या घरात एकाच गोष्टीसाठी उच्चारला गेला होता. सकाळपासून हा माणूस कशाची वाट बघत होता ते मला एका क्षणात कळलं. थोरली जोडी धाकट्या जोडीसमोर. शंभरात ऐंशी. जिंकला तर ऑपरेशन करायचं, हरला तर नाही. यानं माझा कान टेबलावर मांडला होता!

आणि कुणी? एकदा माल घाईनं पाठवायचा होता म्हणून साहेबानं "वीसच बघ रे आज" म्हटलं, तर दोन दिवस धड न जेवलेल्या माणसानं. पन्नासाच्या खाली नमुना काढणं म्हणजे पाप, असं मानणारा हा आज एका डावावर निकाल लावायला निघाला होता. मला उठून ते पत्ते उधळून द्यावेसे वाटले. पण माझं बूड हलेना. मलाही बघायचं होतं.

क्लार्कनं तीन पत्ते उघडले. किलवर तिर्री. बदाम गुलाम. आणि चौकट अठ्ठी.

हॉलभर "ओहो" झालं. मावशींच्या आता तीन अठ्ठ्या झाल्या. त्यांनी शांतपणे सुया उचलल्या. डाव त्यांच्या दृष्टीनं संपला होता.

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? सुटले, आता काही करायला नको. दुसऱ्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. म्हणजे मला ऑपरेशन नकोच होतं की काय? मग चार वर्षं मी कुणाच्या नावानं रडत होते? हे नको होतं तर तसं त्या जिन्यातच का नाही म्हटलं? आणि नको असेल तर मग हा डाव हरतोय याचं वाईट का वाटत होतं?

चौथा पत्ता पडला. इस्पिक पंजी. काही उपयोगाची नाही.

"चव्वेचाळीस पत्ते राहिले," माझा नवरा अगदी हळू, पण मोजून म्हणाला. "त्यात राजे दोन. शंभरी साडेचार." मला त्याची फक्त पाठ दिसत होती. शर्ट मध्यभागी भिजून अंगाला चिकटला होता.

क्लार्कनं शेवटचा पत्ता उलटला. बदाम राजा.

हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला तो माझ्या उजव्या कानालाही ऐकू आला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मावशींच्या सुईवरचा टाका सुटला. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "घ्या! पत्त्याला काय ठाऊक, कुणी काय ठरवलंय ते!" माझा नवरा चिप्स ओढायचंच विसरला. शेवटी क्लार्कनं त्या त्याच्याकडे ढकलल्या. त्यानंतर त्यानं एकही पत्ता नीट बघितला नाही. हातात येईल त्यावर चिप्स लावत सुटला आणि अर्ध्या तासात चौथा येऊन उठला.

रस्त्यानं मी बोलायला सुरुवात करणार होते. चांगलं घोळून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. पण कोपऱ्यावरच त्यानं मला थांबवलं, माझ्या डाव्या बाजूला आला आणि विचारलं, "मी ऐंशीनं जिंकलो की साडेचारनं?"

"माझा कान पत्त्यांवर लावलास तू!"

"तूच म्हणालीस ठरव."

"म्हणून असं?"

"मग कसं ठरवतात?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. आणि मी, चौकशी खिडकीवरची बाई, नुसती पुढे चालू लागले.

"सुरुवात बघितली तर हिशेब बरोबर आहे," चालताचालता तो बोलत राहिला. "ऐंशी होते, जिंकलो. पण मध्ये मी हरलो होतो गं. हरलेला डाव परत आला. मग ते ऐंशीचं जिंकणं कसं? ते तर नशीब झालं. आणि नशीबच असेल तर मला त्यातून काय कळलं?"

"जिंकलास ना?"

"हो, पण कशानं?"

माझा राग कुठं जायचा तेच मला कळेना. असा माणूस आपल्यावर ओरडत असेल तर भांडता येतं. हा स्वतःशीच भांडत होता, आणि मी बाजूनं चालत होते.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि जेवायच्या टेबलावर पत्ते मांडले. दोन राजे एकीकडे, दोन अठ्ठ्या दुसरीकडे. उरलेले पत्ते पिसायचे, पाच उघडायचे, कोण जिंकलं ते लिहायचं. पन्नास वेळा. "एक डाव म्हणजे काही नमुना नाही," तो म्हणाला. "चुकलंच माझं." सुरुवातीला मी फणकाऱ्यानं भांडी घासत होते. दहाव्या डावाला हात पुसत येऊन उभी राहिले. विसाव्याला खुर्ची ओढून बसले. त्यानं मला राजे दिले, स्वतः अठ्ठ्या घेतल्या. मी पत्ते पिसत होते, तो लिहीत होता. एकेका डावाला जीव वरखाली होत होता, आणि मधूनच वाटायचं, आपण दोघं वेडे तर झालो नाही ना?

पन्नासात एकोणचाळीस वेळा राजे जिंकले.

"अठ्ठ्याहत्तर टक्के," तो म्हणाला. "बरोबर आहे. डॉक्टरचं बरोबर, मावशींचंही बरोबर. लॉट पास." पण चेहऱ्यावर पास केल्याची कळा नव्हती.

"आणि उरलेल्या अकरांत मी निघाले तर?"

तो पत्त्यांच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे एक जाळून बघायची खोली आहे. तिथं बल्ब विजेच्या जास्त दाबानं दिवसरात्र चालू ठेवतात, किती टिकतो ते बघायला. किती टिकला ते कळतं, पण तोवर तो बल्ब गेलेला असतो. तो काही विकायला येत नाही."

"हे तू मला धीर द्यायला सांगतोयस?"

"नाही. आठवलं म्हणून सांगितलं."

सोमवारी सकाळी फॉर्म टेबलावर होता. तो त्याच्यासमोर पेन उघडून बसला. पेन बंद केलं. परत उघडलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं. याला राजा मिळालाय. याला पन्नासात एकोणचाळीस मिळालेत. याला हे हवंय, फक्त म्हणवत नाहीये. चार वर्षं हा माणूस घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोलतोय आणि त्याबद्दल त्यानं एकदाही कुरकूर केलेली नाही. निदान त्याच्यासाठी तरी. की हा सगळा मी माझ्या भित्रेपणाला चढवलेला मुलामा होता? मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. मी त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं.

"लॉट तुझे असतील. कान माझा आहे," म्हटलं आणि सही ठोकली.

तो काही बोलला नाही. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते. महिन्याभरानं तपासायला गेलो. त्या पोरीनं कान तपासायचा, दोन दातांचा एक चिमटा घेतला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि माझा डावा कान झाकून उजव्याशी धरला. मी वाट बघत होते. चिमट्याची टोकं थरथरताना दिसत होती.

"वाजवताय ना?" मी विचारलं.

तिनं तो पुन्हा आपटला. पुन्हा धरला. मग खाली ठेवला. माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "शंभरात किती ऐकू येतंय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मग मलाच तिची समजूत घालावी लागली.

त्या तीन-चार जणांत मी निघाले. माझा नवरा त्यानंतर दोनदा एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला. मला आत बसवलेल्या दांडीचा लॉट नंबर मागून आणला, त्या लॉटमधल्या बाकीच्यांचं काय झालं ते विचारून आला. सगळ्यांचं छान होतं. चूक कुठंच सापडेना. चूक सापडली असती तर तो बरा झाला असता, असं मला वाटतं. मावशी भेटायला आल्या, विणलेला मफलर घेऊन. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही चुकला नाहीत, हरलात. दोन्ही वेगवेगळं असतं." पत्त्यांत मुरलेली बाई, खरंच बोलत असणार. पण रात्री उजव्या कुशीवर झोपते आणि वर राहिलेल्या एकट्या डाव्या कानाला घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तेव्हा मला तो फरक कधी कळतो, कधी कळत नाही. ऐकू न येणं दोन्हीत सारखंच.

परवा रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. माझ्या ध्यानात आलं की त्याचा जबडा हलतोय. तो माझ्या उजवीकडे बसला होता आणि खाली बघत काहीतरी बोलत होता. किती वेळ बोलत होता कुणास ठाऊक.

"काय म्हणतोयस?"

तो उठला. खुर्ची उचलून माझ्या मागून फिरून डावीकडे आला, बसला, आणि एक शेंग हातात घेऊन ती न सोलता म्हणाला, "त्या दिवशी मला राजा नको होता."

मी हातातली शेंग सोलून संपवली.

"अठ्ठी पडली तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो. आता हिला काही करायला नको. आहे ते राहू दे, मी दोनदा बोलीन. आणि मग तो मेला राजा पडला. नियम मीच घातला होता, मला तो मोडता येईना. म्हटलं पन्नास डाव टाकून बघू, निदान तिथं तरी नापास होईल. तिथंही पास."

"मग सोमवारी तोंड का नाही उघडलंस?"

"तू पेन ओढून घेतलंस. मला वाटलं, हिला हवंय."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं काहीतरी भलतंच, हसण्याच्या जवळचं. मी म्हटलं, "मलाही हायसं वाटलं होतं. अठ्ठीला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा मोडणार. पण हा माझा नवरा. त्यानं शेंग ठेवली आणि बोटं मोजली.

"मावशींना तो नकोच होता," तो म्हणाला. "मला नको होता. तुलाही नको होता."

"नव्हता."

"मग तो आला कुणासाठी?"

हे मला अगदी नीट ऐकू आलं.